आडात आहे, पोहऱ्यात नाही

गौरी-गणपतीला पुण्या-मुंबईची मुले गावाकडे येतात आणि त्यांच्याबरोबर तिकडचा सर्दी-ताप-खोकलाही येतो. आम्हा खेड्यातल्या डॉक्टरांना हे आता पाठ झाले आहे. माझा दवाखाना कराडच्या खाली, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. यंदा गौरी जेवणाच्या आदल्या दिवशी पुण्यात नोकरी करणारा एक तरुण आला. अंगात ताप, घसा लाल, अंग मोडून आलेले. निघण्यापूर्वी त्याने तिकडेच नाकातील नमुन्याची तपासणी करून घेतली होती. मोबाइलवर आलेला रिपोर्ट दाखवत तो म्हणाला, "डॉक्टर, फ्लू निगेटिव्ह, कोविड निगेटिव्ह. सगळं निल आहे. आता आजीजवळ बसायला हरकत नाही ना? वर्षातनं एकदा येतो, ती सोडत नाही."

आजींचे वय ८२. दमा जुना.

मी विचारले, "ताप कधी आला?"

"काल संध्याकाळी."

"आणि तपासणी कधी केली?"

"काल रात्रीच. पहाटे निघायचं होतं म्हणून."

मी लगेच 'हो' म्हणालो नाही, याचे त्याला नवल वाटले. चार वर्षांपूर्वी असाच एक निल रिपोर्ट माझ्यासमोर होता आणि मी लगेच 'हो' म्हणून बसलो होतो. ती हकीकत पुढे सांगणारच आहे. त्याआधी ही तपासणी म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. कोविडच्या साथीमुळे 'आरटी-पीसीआर' हा शब्द वाड्यावस्त्यांवरच्या आजी-आजोबांच्याही तोंडी बसला आहे. आता तीच पद्धत स्वाइन फ्लू, डेंग्यू, कावीळ, एचआयव्ही अशा अनेक आजारांसाठी वापरली जाते. त्यामुळे तिचा रिपोर्ट वाचायचा कसा, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे.

उसातला बिबट्या

विषाणू इतका सूक्ष्म असतो की दवाखान्यातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. मग तो आहे हे ओळखायचे कसे? आमच्या भागात उसात बिबट्या शिरल्याची बातमी नवी नाही, म्हणून तेच उदाहरण घेतो.

बिबट्या आला आहे हे तीन प्रकारे कळते. पहिला प्रकार म्हणजे पिंजरा लावून त्याला प्रत्यक्ष पकडणे. प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर विषाणू वाढवतात, तो हा प्रकार. काम खात्रीचे, पण वेळखाऊ, जोखमीचे आणि मोजक्याच ठिकाणी होणारे. दुसरा प्रकार म्हणजे गावाने राखण बसवली आहे का ते पाहणे. विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्तात ती सापडली की विषाणू येऊन गेला असे समजते. मात्र राखण बसायला काही दिवस लागतात आणि बिबट्या निघून गेला तरी ती लगेच उठत नाही. तिसरा प्रकार म्हणजे उसाच्या पाल्याला अडकलेला बिबट्याचा केस शोधणे. न्यूक्लिइक आम्लाची तपासणी म्हणजे हा तिसरा प्रकार. यात शरीराची प्रतिक्रिया बघत नाहीत, विषाणूचा स्वतःचा अंश शोधतात.

मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो, तेव्हा आम्हांला विषाणूंच्या निदानासाठी मुख्यतः दुसरा मार्ग शिकवला जाई. आजाराच्या सुरुवातीला रक्ताचा एक नमुना घ्यायचा, दोन आठवड्यांनी दुसरा घ्यायचा आणि प्रतिपिंडे वाढली का ते पाहायचे. उत्तर हाती येईपर्यंत रुग्ण एक तर बरा होऊन शेतात गेलेला असे, नाही तर हातचा गेलेला असे.

या दोन प्रकारांतला फरक साताऱ्याजवळच पाहायला मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे रक्त आणि घशातले नमुने घेतले. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बऱ्याच वटवाघळांच्या रक्तात निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, पण विषाणूचा आरएनए मात्र अगदी मोजक्यांत सापडला. म्हणजे राखण अनेक ठिकाणी होती, केस मात्र क्वचितच मिळाला. बातमी आल्यावर माझ्याकडे दोन दिवस एकच विचारणा होती, "महाबळेश्वरला जाऊ का नको?" त्या वेळी राज्यात माणसाला निपाह झाल्याची नोंद नव्हती. वटवाघळात विषाणूचा अंश सापडला, एवढाच त्या तपासणीचा अर्थ होता. पाखरांनी वा वटवाघळांनी चावलेली फळे खाऊ नयेत, गुहेत शिरून वटवाघळांना छेडू नये, एवढी खबरदारी पुरेशी होती आणि आजही ती पाळावी.

एकाचे कोटी कसे होतात?

विषाणूचा आराखडा ज्या रसायनात साठवलेला असतो, त्याला न्यूक्लिइक आम्ल म्हणतात. डीएनए आणि आरएनए हे त्याचे दोन प्रकार. 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू डीएनएचा. फ्लू, डेंग्यू, कोविड, निपाह, एचआयव्ही हे आरएनएचे. हा आराखडा म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर समजा. कोविडच्या विषाणूत अशी सुमारे ३० हजार अक्षरे असतात. प्रत्येक विषाणूच्या मजकुरात काही ओळी खास त्याच्याच असतात. ती ओळ सापडली की विषाणूची ओळख पटली.

अडचण अशी, की नाकातून काढलेल्या बोळ्यावर तो मजकूर अत्यल्प असतो. म्हणून त्याच्या प्रती काढाव्या लागतात. १९८३ मध्ये कॅरी मुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्यासाठी पीसीआर ही युक्ती शोधली आणि १९९३ मध्ये त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कामाची रीत साधारण अशी. नमुन्यातील विषाणू रसायनांनी फोडून त्याचा आरएनए वेगळा करतात. आरएनएच्या प्रती थेट काढता येत नाहीत, म्हणून आधी त्याचे डीएनएत रूपांतर करतात. 'आरटी' ही दोन अक्षरे या रूपांतराची. मग नळी यंत्रात ठेवून सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवतात. पिशवीची चेन उघडावी तसे डीएनएचे दोन पदर सुटतात. थोडे थंड केले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपल्याला हवी असलेली ओळ शोधून तिथे चिकटतात. तिथून पुढे एक विकर त्या ओळीची नवी प्रत तयार करते. इतक्या उष्णतेत साधे विकर टिकणार नाही. हे विकर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले, म्हणून ते टिकते.

प्रत्येक फेरीला प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. हिशेब करून पाहा. दहा फेऱ्यांत १,०२४, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर आणि तीस फेऱ्यांत शंभर कोटींवर. यंत्र बहुधा ४० फेऱ्यांपर्यंत चालते. नव्या प्रतींबरोबर नळीत प्रकाश वाढत जातो. ज्या फेरीला तो ठरलेली मर्यादा ओलांडतो, तो आकडा म्हणजे रिपोर्टवरची 'सीटी व्हॅल्यू'. आकडा लहान तर नमुन्यात विषाणूचा अंश जास्त, आकडा मोठा तर कमी. पण बोळा कसा घेतला, कोणते किट वापरले, यावरही हा आकडा हलतो. "माझी सीटी ३०, म्हणजे आजार किरकोळ," असा अर्थ कुणी काढू नये.

दोनशे किलोमीटरची वाट

२३ मार्च २०२० रोजी त्या वेळच्या इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना कोविडची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. सांगली जिल्ह्यातले हे पहिले रुग्ण. आठवडाभरातच त्यांच्या संपर्कातील बाधितांची संख्या विसाच्या पुढे गेली. त्या दिवसांत आपल्याकडचे नमुने बर्फाच्या डब्यातून सुमारे दोनशे किलोमीटरवर पुण्याला एनआयव्हीकडे जात. ही संस्था १९५२ पासूनची. कर्नाटकात १९५७ मध्ये माकडतापाचा विषाणू ओळखला तो येथेच, आणि २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतही राज्याचे डोळे तिच्याच रिपोर्टांकडे लागलेले असत.

इस्लामपुरात या तपासणीचे सामर्थ्य दिसले. संपर्कातल्या माणसांचे नमुने घेतले गेले, अंगात विषाणू असलेली माणसे वेगळी ठेवली गेली आणि त्यातले बहुसंख्य बरे होऊन घरी परतले. शरीराने राखण बसवण्यापूर्वीच विषाणू सापडतो, ही या तपासणीची खरी ताकद. प्रतिपिंडांची वाट पाहत बसलो असतो तर साखळी तोवर किती घरांत शिरली असती, कोण जाणे.

पुढे चित्र झपाट्याने बदलले. त्याच महिन्यात पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या देशी किटला मान्यता मिळाली. ते तयार करणाऱ्या गटाचे नेतृत्व मीनल दाखवे-भोसले यांनी गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत केले. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली आणि पुण्याची वाट आखूड झाली. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे बॅटरीवर चालणारे 'ट्रुनॅट' हे छोटे यंत्र क्षयरोगासाठी वापरात होतेच. २०२० मध्ये त्यावर कोविडचीही तपासणी होऊ लागली.

यंत्रे आली, रिपोर्ट लवकर मिळू लागले आणि आमचा, म्हणजे डॉक्टरांचासुद्धा, रिपोर्टवरचा विश्वास जरा अधिकच वाढला. माझी चूक झाली ती इथे.

माझी चूक

एप्रिल २०२१. दुसरी लाट भरात होती. आमच्याकडचे एक शेतकरी, त्यांना आपण तात्या म्हणू. (ओळख पटू नये म्हणून या लेखातल्या रुग्णांचे तपशील मी बदलले आहेत.) वय ५६. एका संध्याकाळी त्यांना कणकण वाटली. माणूस विचारी. घरात ८० वर्षांची आई, म्हणून त्याच रात्री अंथरूण उचलून ते गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वॅब दिला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, निगेटिव्ह.

त्यांनी मला फोन केला. "डॉक्टर, निल आलाय न्हवं? मग आता घरात जाऊ का? आई सारखी हाका मारतीया."

बाहेर पन्नास माणसे ताटकळत होती. मी म्हणालो, "जा तात्या. साधा ताप आहे."

तात्या घरात गेले. आईने त्यांचे डोके मांडीवर घेऊन चेपले, हे मला नंतर कळले. सहाव्या दिवशी त्यांना धाप लागली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा ८८. पुन्हा नमुना घेतला, तो पॉझिटिव्ह आला. तोवर आईलाही ताप चढला होता. दोघांनाही दवाखान्यात दाखल केले. तात्या वाचले. आजी अकराव्या दिवशी गेल्या.

तात्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते आजही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला येतात. पण तो फोन मी विसरलेलो नाही. पहिला रिपोर्ट खोटा नव्हता. प्रयोगशाळेने तिच्या हाती आलेल्या नमुन्याचे उत्तर दिले होते. ते उत्तर मी तात्यांच्या सबंध शरीराचे समजलो, ही माझी चूक.

'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही आपली म्हण खरी आहे. पण पोहऱ्यात नाही म्हणजे आडातही नाही, असे काही ती सांगत नाही. दोर आखूड पडला तरी पोहरा कोरडाच येतो. पोहरा कडेला अडकला तरी कोरडाच येतो. आणि झऱ्याला अजून पाणी यायचे असले तरीही तसेच होते.

तपासणीचेही असेच आहे. ताप आला त्याच दिवशी नमुना घेतला तर नाका-घशात विषाणू पुरेसा नसू शकतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये कोविडबाबत अनेक अभ्यास एकत्र करून असा अंदाज काढला, की लक्षणे सुरू होतात त्या दिवशी १०० बाधितांपैकी सुमारे ३८ जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. तीन दिवसांनी तपासले तर हे प्रमाण २० पर्यंत उतरते, पण शून्य होत नाही. तात्यांचा नमुना ताप आल्यावर जेमतेम बारा तासांत घेतलेला होता.

दुसरे कारण जागेचे. बोळा नाकाच्या तोंडाशीच फिरवला तर हाती काय येणार? विषाणू छातीत उतरला असेल तर नाकातला नमुना कोराही येतो. तिसरे कारण वाटेचे. आरएनए नाजूक असतो. नमुना योग्य द्रावणात आणि थंड ठेवून वेळेत पोचला नाही तर तो वाटेतच विरतो. आणि चौथे कारण, विषाणू आपल्या मजकुरात अधूनमधून अक्षरे बदलतो. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा काही किटना त्यातली एक खूण दिसेनाशी झाली होती. दुसऱ्या खुणा शिल्लक होत्या म्हणून तो सापडला. याच कारणासाठी चांगली किट एकाहून अधिक ठिकाणी शोध घेतात.

तळाचा गाळ

आता याची दुसरी बाजू. साखर कारखान्यात काम करणारा एक तरुण २०२० च्या पावसाळ्यात कोविडमधून बरा झाला. ताप गेला, चव आली, दोन वेळचे जेवण सुरू झाले. कामावर जाण्यापूर्वी त्याने हौसेने पुन्हा तपासणी केली आणि चोविसाव्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मग काय, दूधवाला दारात येईना, शेजारच्या बोअरचे पाणी बंद झाले. त्याची बायको माझ्यासमोर रडत म्हणाली, "डॉक्टर, आमी काय पाप केलंय?"

आडातले पाणी संपले तरी तळाचा गाळ ओला राहतो. मेलेल्या विषाणूच्या मजकुराचे तुकडे काही आठवडे नाका-घशात रेंगाळतात आणि ही तपासणी इतकी सूक्ष्म आहे की तेही पकडते. उसात बिबट्याचा केस सापडला म्हणून तो आत्ता तिथे दबा धरून बसलाच आहे, असे नाही. याच कारणाने केंद्र सरकारने मे २०२० मध्ये नियम बदलले आणि सौम्य रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी पुन्हा तपासणी करण्याची अट काढून टाकली. मी त्या तरुणाबरोबर त्याच्या गल्लीत गेलो, पारावर बसून सगळ्यांना हे समजावले आणि त्याच्या घरचा चहा सर्वांसमोर प्यालो. दुसऱ्या दिवशी दूध सुरू झाले.

बाळाच्या दारातले राखणदार

ही तपासणी कुठे जीव वाचवते, तेही सांगायला हवे. आपल्या सांगली जिल्ह्याने एचआयव्हीचा फार मोठा फटका सोसला आहे. काही वर्षांपूर्वी एक तरुण आई चार महिन्यांचे बाळ घेऊन आली. ती स्वतः एचआयव्हीबाधित होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून बाळाची साधी रक्ततपासणी करून घेतली होती आणि ती पॉझिटिव्ह आली होती. नवरा आधीच गेलेला. ती म्हणाली, "आता कुणासाठी औषधं खाऊ?"

ती साधी तपासणी प्रतिपिंडांची होती. गर्भात असताना आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरतात आणि अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणजे बाळाच्या दारात जे राखणदार दिसत होते, ते आईने पाठवलेले होते. बिबट्या बाळाच्या घरात शिरला आहे की नाही, हे त्यावरून कळणे शक्यच नव्हते. अशा वेळी विषाणूचाच अंश शोधावा लागतो. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन खास कागदावर वाळवतात आणि तो कागद प्रयोगशाळेत पाठवतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ही तपासणी बाळ सहा आठवड्यांचे झाले की मोफत करतात.

मी तिला शासकीय केंद्रात पाठवले. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण इथेही एका पोहऱ्यावर भागत नाही. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात आणि अठरा महिन्यांनी शेवटची तपासणी करतात. उलट पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली तर उपचार लगेच सुरू करून दुसऱ्या नमुन्याने खात्री करून घेतात. या बाळाच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. तो मुलगा आता शाळेत जातो आणि त्याची आई न चुकता औषधे घेते. काहीच उपचार केले नाहीत तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ जणांना लागण होऊ शकते. आईला वेळेवर औषधे मिळाली तर हे प्रमाण अगदी थोड्यावर येते. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच व्हायला हवी.

'क' प्रकारच्या काविळीतही हेच तत्त्व आहे. प्रतिपिंडे पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधी तरी आला होता, इतकेच. तो आज रक्तात आहे का, हे आरएनएची तपासणी सांगते. असेल तर आता बहुतेक रुग्ण सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरे होतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात.

तपासणीआधी विचारायचे चार प्रश्न

"डॉक्टर, ती मोठी टेस्ट करूनच टाका," असे म्हणणारे बरेच भेटतात. खिशातून पैसे काढण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारा.

पहिला, आजाराचा आज कितवा दिवस आहे? डेंग्यूमध्ये पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा अंश शोधणाऱ्या तपासण्या उपयोगी. त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी अधिक कामाची. दिवस चुकला की पैसे वाया आणि दिशाभूल वेगळीच.

दुसरा, नमुना कुठला घेणार? आजार जिथे आहे तिथला हवा. बोळा नाकात खोलवर गेला तर डोळ्यांत पाणी येते. क्षणभराची ती तकलीफ सोसा, मान मागे ओढू नका.

तिसरा, उत्तर काहीही आले तरी उपचार बदलणार आहेत का? धडधाकट तरुणाच्या साध्या सर्दीत बहुधा बदलत नाहीत. मात्र गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले रुग्ण यांना फ्लूची दाट शंका असेल तर विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू करणे हिताचे असते. अशा वेळी रिपोर्टसाठी खोळंबून राहू नये.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा, रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढे काय करायचे? धाप लागणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, लघवी कमी होणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर हातात निगेटिव्ह रिपोर्ट असला तरी त्याच क्षणी दवाखाना गाठा. आणि तपासणी विषाणूची असो वा नसो, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने घेऊ नका. विषाणूवर त्यांचा काडीचा उपयोग नाही.

त्या तरुणाला काय सांगितले?

त्याला मी तात्यांची गोष्ट नाव न घेता सांगितली. मग म्हणालो, "तुझा रिपोर्ट काल रात्रीच्या नमुन्याचा आहे. ताप उतरून पूर्ण एक दिवस होईपर्यंत आजीपासून लांब राहा. माडीवर झोप. तिच्याशी बोलायचे तर मास्क लावून, दारातून बोल. ताप राहिला तर परवा पुन्हा नमुना घेऊ."

तो नाराज झाला. गौरी जेवणाला आजीच्या पंगतीत बसता येणार नव्हते. पण त्याने ऐकले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी केली. फ्लू पॉझिटिव्ह आला. तोवर त्याचा ताप उतरणीला लागला होता. गौरी-गणपतीचे विसर्जन होऊन तो पुण्याला परतला तरी आजींना साधी शिंकही आली नव्हती.

निघताना तो सांगायला आला, "आजी रुसली होती. म्हणाली, डॉक्टरनं नातवाला भेटू दिलं न्हाई."

मी म्हटले, "दिवाळीला ये. तेव्हा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोप."